मामांच्या नाकातली चमकी

आमच्या एक्स-रे विभागाच्या सरांनी मला फसवलं. मी काढलेली फिल्म त्यांनी होस्टेलवर माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीच्या नावावर चढवली. बरीच वर्षं मी त्या मुलीलाच दोष देत होते. तो आता मागे घेते. फसवलं ते सरांनी.

मी चंडीगडला डेंटल हायजीनचा कोर्स करत होते, तेव्हा पंजाबात गोळीबाराच्या बातमीशिवाय दिवस जात नसे. कधी कर्फ्यू, कधी बंद. होस्टेलचं फाटक पाच वाजता लागायचं. मुली पंजाबीत हसायच्या आणि मी अर्धा मिनिट उशिरा हसायचे. बार्शीहून आलेली मी वर्गात एकटीच मराठी.

त्या वर्षी विभागात पॅनोरॅमिक मशीन आलं. रुग्ण उभा राहतो, यंत्राचा हात त्याच्या डोक्याभोवती फिरतो आणि दोन्ही जबडे एका लांब फिल्मवर येतात. नियम असा, की रुग्ण जिने तिने आणायचा, नीट उभा करायचा आणि फिल्मही स्वतःच धुवायची. एकीला एकच फिल्म. महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत ती मंजूर झाली तरच प्रमाणपत्रावर या तंत्राची नोंद होणार होती. आमच्या बार्शीकडे तेव्हा असं मशीन कोणी पाहिलेलं नव्हतं. ती नोंद हातात असती तर नोकरीसाठी मला कोणाच्या ओळखीची चिठ्ठी लागली नसती. मी त्यासाठीच इतक्या लांब आले होते.

बाकीच्यांनी काका, चाची, शेजारी आणले. मी कोणाला आणणार?

भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून भांडताना माझ्या तोंडून मराठी शिवी निघाली आणि मागून कोणीतरी खुदकन हसलं. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत राहणाऱ्या एका सुभेदारांची बायको. साताऱ्याकडची. मी त्यांना तिथेच वहिनी म्हटलं आणि तिथेच रुग्ण व्हायला विचारलं.

"येते की," त्या म्हणाल्या, "पर बदल्यात दर रविवारी माझ्याकडं यायचं. आमचे हे पुढं सीमेवर. पोरं हिंदीत उत्तरं देत्यात. मी भिंतीशी किती बोलू?"

"दर रविवारी नाही जमायचं. महिन्यातून दोन."

"अगं, मी काय कांदे विकायला बसलीय व्हय? बरं, दोन."

सौदा स्वस्तात पडला म्हणून मी खूश झाले. एका रविवारी गेले. पिठलं खाल्लं, परत आले.

ठरल्या दिवशी बस दोनदा थांबवून झडती झाली, तरी वहिनी वेळेवर पोचल्या. मशीनसमोर मात्र अडल्या. गळ्यात, कानात धातू असेल तर फिल्मवर त्याची दुसरीच सावली पडते, म्हणून सगळं काढावं लागतं. कानातलं त्यांनी काढलं. मंगळसूत्राला हात लावू देईनात.

"हे तिकडं असताना? न्हाई जमायचं. राहू दे तुझा फोटो."

मी पुष्कळ समजावलं, एकदा आवाजही चढवला. शेवटी म्हटलं, "वहिनी, काढू नका. गळ्यातलं मनगटावर घ्या. अंगावरच राहील." त्यांनी विचार केला आणि मनगटाला तीन वेढे घेतले. नाकातली चमकी मात्र मळसूत्र गंजून बसलेली, निघेचना. एवढा ठिपका चालेल, असं सरच म्हणाले.

जीभ टाळ्याला चिकटवून ठेवली नाही, तर वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा येतो. सगळ्यांच्या फिल्मवर तो आला होता. मी म्हटलं, "टाळ्याला गुळाचा खडा चिकटलाय, पडू द्यायचा नाही." वहिनींनी तो न दिसणारा गूळ यंत्राचा हात थांबेपर्यंत धरून ठेवला.

चूक माझी एकच. फिल्मच्या पेटीवर शिशाचे आकडे चिकटवले, की नंबर फिल्मवरच उमटतो. माझा नंबर सात आणि डबीत साताचा आकडा नव्हता. सर म्हणाले, "छोड़, बाद में स्याही से लिख देंगे." भाजीच्या जुडीची गाठ सोडून पाहणारी मी, त्या दिवशी मान डोलावली.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म उमटू लागली. बत्तीस दात, मुळं स्वच्छ. दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. मी मराठीत मोठ्याने "जमलं!" म्हटलं, आणि ते त्या खोलीतच राहिलं.

शनिवारी फिल्म उजेडाच्या पेटीवर लागली होती. पांढऱ्या शाईत नंबर अकरा. अकरा म्हणजे माझ्या खोलीतली मुलगी. तिचे मामा सीमेकडच्या गावातून येणार होते. तिकडे कर्फ्यू लागला आणि बस सुटलीच नाही.

मी सरांच्या टेबलावर हात आपटला. "ये मेरी है!"

ते शांतपणे म्हणाले, "तू तेज़ है. तू दूसरा पेशेंट ले आएगी. उस बेचारी का कौन आएगा?"

"आणि माझं कोण येणार?" हे मी मराठीत ओरडले. कोणाला कळलं नाही.

मी चंडीमंदिरला धावले. वहिनी आल्या असत्या, चमकी दाखवली असती. क्वार्टरला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बदली झाली, मागच्या रविवारीच गेल्या. जाताना विचारत होत्या, ती बार्शीची पोरगी आली होती का. तो माझ्या वाट्याचा दुसरा रविवार होता आणि मी गेले नव्हते.

खोलीतली मुलगी त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. कोर्स संपेपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी त्या नोंदीविना घरी आले. ते मशीन पुढे कोणाकोणाच्या दारात उभं राहून शिकले. आज माझी स्वतःची दोन एक्स-रे केंद्रं आहेत आणि रुग्णाला मी अजून गुळाचा खडाच सांगते.

पण त्या शनिवारी रजिस्टर मी पाहिलं होतं. फिल्म नंबर अकरा, रुग्ण पुरुष, वय पन्नास, नातं मामा. फिल्मवर नाकाच्या डाव्या बाजूला पांढरा ठिपका लख्ख होता. मी बोट ठेवलं तेव्हा सर म्हणाले, "धब्बा है, धुलाई का." ती फिल्म धुतली होती मी. माझ्या धुण्यात डाग नसतो.

सर, तुम्ही कुठेही असाल, दया दाखवायची होती तर स्वतःचं काही द्यायचं होतं. मला एवढंच सांगा, त्या मामांच्या नाकात चमकी कोणी घातली?