लेकराला इथं ठेवू नका

ती घटना आठवली की आधी तो तक्रारी अर्ज डोळ्यांपुढे येतो. येरमाळ्याकडच्या एका गावातल्या तरुणाने तो आमच्या पोलीस ठाण्यात दिला होता. तो एसटीत कंडक्टर होता. त्याची तीन वर्षांची मुलगी धाराशिवला दवाखान्यात होती. आठवडाभर पोटात कळा, उलट्या, आणि त्या दिवशी सकाळी झटके. डॉक्टरांना विषबाधेचा संशय होता, पण विष कोणतं ते कळत नव्हतं. अर्जात संशयित म्हणून शेजारच्या म्हातारीचं नाव होतं.

कारणही लिहिलं होतं. हे कुटुंब चार महिन्यांपूर्वी घर विकत घेऊन तिथे राहायला आलं होतं. तेव्हापासून म्हातारीने मुलीच्या आईला दोनदा बजावलं होतं, "लेकराला इथं ठेवू नका, हातचं जाईल." पुढे त्यांच्या कोंबड्या मेल्या, मग मुलगी आजारी पडली. कुटुंब बौद्ध होतं. आपण या गल्लीत घर घेतलं हे म्हातारीला खपत नाही, अशी त्या तरुणाची खात्री होती. तसे अनुभव त्याने याआधी घेतले होते. त्याचा संशय उगाच आहे असं मलाही म्हणता येईना.

स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली. वय झालेल्या बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, चौकशी तिच्या घरीच करायची, असा नियम आहे. म्हणून महिला अंमलदाराला घेऊन मीच गेलो. पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या. झडती घेतली, संशयास्पद काहीच मिळालं नाही.

"आजी, तुम्ही त्या बाईला धमकी दिलीत?"

"म्या कशाला धमकी देऊ, सायब?"

"लेकरू हातचं जाईल, असं म्हणालात की नाही?"

"म्हणले की."

मला वाटलं, झालं, कबुली मिळाली. मी आवाज चढवला. म्हातारी मागे सरकून भिंतीला टेकली. तेवढ्यात गावातले एक वजनदार गृहस्थ न बोलावता आत आले. त्या कुटुंबाला घर विकणारे तेच होते. "साहेब, बाई पहिल्यापासून विचित्र आहे," ते म्हणाले. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. ती नजर मी बरीच वर्षं आरोपींच्या नव्हे, धमकावलेल्या साक्षीदारांच्या डोळ्यांत पाहिली होती. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

महिला अंमलदार म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली, तिला पाणी दिलं. मीही खाली बसलो. या वेळी प्रश्न बदलला.

"आजी, लेकरू हातचं जाईल असं तुम्हाला का वाटलं?"

तिने लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "त्या घरात हे आत्ता आलेले मालक बॅटऱ्या फोडायचे, सायब. टॅक्टरच्या, ट्रकच्या, जुन्या. आतलं पाणी घरामागच्या परड्यात वतायचे अन् शिसं भट्टीवर वितळवायचे. लई धूर व्हायचा. माझ्या आधीच्या दोन शेळ्या त्या परड्यात चरल्या अन् तडफडून मेल्या. मग भट्टी मोडली, वर माती टाकली, घराला रंग दिला अन् इकलं."

"हे त्या बाईला सरळ का नाही सांगितलं?"

"त्यांच्याच रानात खुरपाया जाते मी. बोललीस तर उद्यापासून येऊ नको, म्हणले. म्हणून म्या तेवढंच बोलले."

तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावला. शिसं म्हणताच त्यांनी तिथेच उभ्या असलेल्या मुलीच्या आईला विचारलं, "ही माती खाते का?" आईचं उत्तर मला फोनवर ऐकू आलं. "खाते की. परड्यातली. कितीदा मारलं तिला." रक्ताच्या तपासणीत शिसंच निघालं, आणि त्यावरचे उपचार सुरू झाले.

पंचांसमक्ष परडं खणलं. जेमतेम बोटभर मातीखाली काळी जमीन, बॅटऱ्यांच्या खोक्यांचे तुकडे आणि राखाडी खडे. नमुने सीलबंद केले. घर विकणारे गृहस्थ ठाण्यात तासभर नाकारत राहिले. पंचनामा वाचून दाखवल्यावर म्हणाले, "त्यांनी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

फसवणूक आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, या कलमांखाली मी दोषारोपपत्र पाठवलं.

मुलगी वाचली. कुटुंबाने ते घर सोडलं आणि कळंबला नातेवाइकांकडे आसरा घेतला. मुलगी बोलायची थांबली होती, ती पुन्हा बोलायला लागायला बरेच महिने गेले. पुरवणी जबाबासाठी मी गावात गेलो, तेव्हा मुलीची आई कळंबहून येऊन म्हातारीच्या दारात बसलेली दिसली.

"मावशी, मला वाटलं तुम्ही आम्हाला हाकलताय," ती म्हणाली.

म्हातारी रडायला लागली. "मोकळं बोलायला पायजे होतं गं म्या."

मी मध्ये पडलो नाही. माझ्याकडून काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. म्हातारीचं वाक्य मी धमकी म्हणून वाचलं. ती ते का म्हणाली, हे विचारायला उशीर केला, आणि तिकडे लेकराला झटके येत होते.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने घर घ्यायचं ठरवलं. जावयाने कागदपत्रं, पाणी, ऊन, रस्ता, सगळं तपासलं. मी शेजारचं दार वाजवलं. आतून एक आजोबा आले. मी नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा, शेजारच्या घरात आधी काय चालायचं? खरं सांगा. तुमचं नाव कुठं यायचं नाही."