वाऱ्याच्या मापाचं कापड

"वाऱ्याला इचारायचं नस्तं, सांगायचं अस्तं," असं म्हणत मामा डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायचे, वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर उभे राहायचे, आणि मग गड्याच्या हातातला घण घेऊन मंडपाची पहिली मेख स्वतः ठोकायचे. पहिली मेख दुसऱ्या कुणी ठोकलेली त्यांना चालत नसे. एकदा एका उत्साही नवरदेवाने ठोकली, तर मामांनी ती उपटून त्याच भोकात पुन्हा ठोकली. "तुमी लग्न करा," म्हणाले, "मेखा आमी बघतो."

मामा म्हणजे बोरीचे मंडपवाले. माझे सख्खे मामा नव्हेत, तसे ते सगळ्या गावाचेच मामा. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांच्या दुकानात कामाला होते. फोन घ्यायचा, कुणाचं लग्न कधी, मंडप केवढा, कमान पाहिजे की नको, हे ठरवायचं. मी बी.ए. आहे. हे मी आवर्जून सांगते, कारण मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरात तसं सांगावं असं माझ्याआधी कुणी झालेलं नाही. बी.ए. होऊन मंडपाच्या दुकानात बसली म्हणून लोक हसले. हसू द्या. बसायला खुर्ची होती आणि वर पंखा होता. दोन्ही गोष्टी आमच्या घरी नव्हत्या.

मामा मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय करायलीस बी.ए.?" "बी.ए., चहा सांग." गिऱ्हाईक आलं की, "थांबा, आमच्या बी.ए.ला इचारू." सुरुवातीला मला वाटलं, चेष्टा करतात. पुढे कळलं की नवीन झुंबर आणलं की ते जसं गिऱ्हाइकाला मुद्दाम लावून दाखवायचे, तसंच मलाही दाखवायचे.

तुम्ही मंडप पाहिले असतील, पण मंडपवाला वाऱ्याकडे कसा बघतो ते पाहिलं नसेल. आपल्याला झाड हललेलं दिसतं. त्यांना छत हललेलं दिसायचं. वारा वाढायच्या बेतात असला की मामा आधी कनाती, म्हणजे मंडपाच्या बाजूचे पडदे, सोडवायला लावायचे. "कापड जेवढं जास्त, तेवढं वाऱ्याला धरायला जास्त. त्याला कामून जागा द्यायची?" यावर गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायची, कारण आपल्याकडे मंडपाची इज्जत कापडावर मोजतात. चारी बाजूंनी कनात नसेल तर पाहुणे म्हणतात, पैसे कमी पडले वाटतं.

एका वैशाखात मामांनी एकदाच गिऱ्हाइकाचं ऐकलं. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "मामा, शूटिंगवाला आलाय, कनाती राहू द्या." मामांनी राहू दिल्या. अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, आणि माळाकडून लाल धुरळ्याची भिंत आली. एक बाजू उचलली. दोर धरलेल्या सगळ्या गड्यांनी दोर सोडले. सोडायलाच पाहिजे होते. मामांनी सोडला नाही.

मंडपवाल्यांची ही एक खोड असते बघा. छत उडायला लागलं की शहाणा माणूस बाजूला होतो, आणि हाडाचा मंडपवाला दोराला लटकतो. मामा कमरेइतके वर गेले आणि उजव्या खांद्यावर आपटले. दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. भातात माती गेली तेवढंच. पण खांदा निखळला, आणि बसवल्यावरही हात डोक्याच्या वर जाईना. टोपीसुद्धा डाव्या हाताने घालायला लागले.

गावाने मग आपलं काम केलं. "मामाचं वय झालं." "आता वारं आयकत न्हाई त्यांचं." माझ्या फोनवर येणारे लोक आधी कनातीचं विचारायचे. आता विचारायला लागले, "मामा स्वतः येणार हायत का? मग ऱ्हाऊ द्या."

थोरला मुलगा पुण्याहून आला. चांगला मुलगा आहे, बापाची काळजी होती म्हणूनच आला. दुकानात माझ्यासमोर म्हणाला, "आप्पा, पाथरीचे एक जण सगळा माल घ्यायला तयार आहेत. बांबू, कापड, खुर्च्या, सगळं. तुमच्याच्यानं आता दोर धरवत नाही."

"धरवला तर?"

"आप्पा..."

"धरवला तर काय करशील ते सांग. आषाढातलं वारं आसंल, दोर आसंल, आन मी एकटा. कुणी गडी न्हाई. धरवला तर माल ऱ्हाईल, न्हाई धरवला तर किल्ली तुझी."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरं. आषाढात पाथरीकरांना टेम्पो घेऊनच बोलावतो."

आता एकट्या माणसाने दोर धरायचा तर दुसऱ्या टोकाला काय बांधायचं? त्याचं उत्तर मामांना माझ्या फोनमध्ये सापडलं. कुठल्याशा समुद्रकाठी एक गोरा माणूस मागे रेलून उभा होता, दोन्ही हातांत दोन दोऱ्या, आणि वर एक फुगलेलं कापड त्याला फरफटवत होतं. पॉवर काईट म्हणतात त्याला. आपल्या संक्रांतीच्या पतंगासारख्या त्याला कामट्या नसतात, शेपूट नसते. नुसतं कप्पे शिवलेलं कापड, वारा भरला की गादीसारखं फुगतं. मामांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की माझ्या फोनची बॅटरी उतरली.

"त्यानं वाऱ्याला कासरा लावलाय गं," ते म्हणाले. "मागव."

मागवायला गेलं तर तीन मापं. लहान, मधलं, मोठं. मी सगळं वाचून काढलं आणि सरळ सांगितलं, "मामा, सोसाट्याच्या वाऱ्याला लहान घ्यायचं असतं. मोठं मंद वाऱ्यासाठी."

"लहान?" त्यांनी फोन लांब धरून पाहिलं. "ह्याच्यात तर लेकराचं झबलं बी व्हायचं न्हाई. मोठं सांग."

"इथं स्पष्ट लिहिलंय."

"ते गोऱ्याच्या वाऱ्याचं लिवलंय, बी.ए. आपलं वारं आपल्याला म्हाईत."

मोठं मागवलं. परभणीहून कुरिअरवाला आला तेव्हा मामांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि पार्सल त्याच्यासमोरच फोडलं. निळं-पिवळं कापड दुकानभर पसरलं. मामांनी त्याची शिलाई बोटाने तपासली आणि खूश झाले. "मंडपाला अशी शिलाई मारणारा आपल्याकडं न्हाई."

ज्येष्ठातल्या एका दुपारी आम्ही माळावर गेलो. वारा असा की बोललेलं कानात पोचत नव्हतं. मी कापडाच्या मागच्या कडेवर ढेकळं ठेवली, उडू नये म्हणून. मामांनी दोऱ्यांच्या मुठी धरल्या आणि मागे ओढल्या. ढेकळं घसरली. कापड एकदा फडफडलं आणि फट्‌कन भरलं. पुढचं मला नीट दिसलंच नाही. मामा उभे होते, मग पळत होते, मग पोटावर होते आणि माळावरून पाथरीच्या दिशेने निघाले होते.

"सोडा! मामा, सोडा!"

मुठी सोडल्या की ते कापड लगेच पडतं. एवढंच करायचं होतं. पण दोर सोडायचा ही गोष्ट मामांच्या हाताला कुणी शिकवलेलीच नव्हती. शेवटी एका बाभळीच्या झुडपाने त्यांना अडवलं. गुडघे सोललेले, बंडी फाटलेली, हनुवटीला माती. मुठी हातातच.

"बघितलंस?" ते म्हणाले. "सोडलं न्हाई."

मी काटे काढत बसले. काही बोलले नाही. माझ्यासाठी ते अवघड असतं.

चहाच्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना खबर. "मामा, इमान कुठवर गेलतं?" "मामा, पाथरीचं तिकीट केवढं पडलं?" मामा चहा पिऊन उठायचे आणि कपबशी जरा जास्तच जोरात ठेवायचे. पहिल्यांदाच मला त्यांचं वय दिसलं. कापडाची घडी करून त्यांनी ती दुकानाच्या कोपऱ्यात ठेवली होती, आणि तिच्याकडे पाठ करून बसत होते.

मग मी बोलले. आमच्या घरात गोड बोलायची सवय कुणाला नाही, मीही शिकले नाही.

"मामा, वारा वाढला की तुम्ही कनाती लावता का काढता?"

"काढतो. तुला म्हाईत न्हाई का?"

"मग तेव्हा तुम्ही वाऱ्याला भ्यालात असं म्हणायचं का?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कनात काढनं म्हंजी भिनं न्हवं. मंडप उभा ऱ्हायला पायजे म्हणून काढतो."

"तेच म्हणते मी. मोठं कापड कुणासाठी? जो वेळ आली की सोडून देईल, त्याच्यासाठी. तुम्ही सोडणार नाही, मामा. मेलात तरी सोडणार नाही. मग कापडच असं घ्या की त्याच्यापुढं तुम्हाला उभं राहता येईल."

"मला हलकं करायलीस?"

"कापड हलकं करायले."

बाहेरून एक जीप गेली, तिचा हॉर्न गावभर ऐकू आला. मामा उठले, कोपऱ्यातली ती घडी उचलून फडताळात टाकली आणि पाठमोरेच म्हणाले, "मागव तुझं झबलं."

लहान कापड आलं ते खरंच लहान होतं. एखाद्या सतरंजीएवढं. मामा ते रोज माळावर नेऊ लागले, हसणाऱ्यांच्या देखत, भर बाजारातून, काखेत धरून. शिकले. ते डोक्यावर नेलं की शांत असतं, समोर मधोमध आणलं की बैलजोडीसारखं ओढतं. दोन्ही मुठी छातीशी धरायच्या असल्यामुळे तो खांदा वर न्यावा लागत नव्हता, हे त्यांच्याआधी माझ्या ध्यानात आलं होतं. मी सांगितलं नाही. त्यांना स्वतःला सापडू दिलं. सापडलं तेव्हा दुकानात येऊन म्हणाले, "बी.ए., खांद्याचा ह्याच्यात समंदच न्हाई!" आणि डाव्या हाताने पेढा पुढे केला.

आषाढ लागला. लग्नं बंद, पावसानेही दडी मारलेली, आणि वारा मात्र दिवसभर. मुलगा पुण्याहून आला. पाथरीचे गृहस्थ टेम्पो घेऊन आले. अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. हॉटेलातली अर्धी मंडळी मागोमाग माळावर आली. आमची मेंढरं तिथेच चरत होती. चरत कसली, वाऱ्याकडे पाठ करून, एकमेकांत डोकी घालून उभी होती.

पाथरीकरांनी कापड पाहिलं आणि हसले. "मामा, ही तर उशीची खोळ हाय. ह्याला धरायला काय लागतं?"

"धरून बघा ना," मामा म्हणाले.

त्यांनी मुठी धरल्या. मी ढेकळं ठेवली. त्यांनी ओढलं, आणि ते जे तीन-चार ढांगा पळत गेले, ते मुठी सोडूनच थांबले. कापड मुकाट्याने खाली बसलं. "अयायाया," एवढंच ते म्हणाले, आणि तळहात बघत राहिले. आता कुणी हसलं नाही.

मामांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. टाचा जमिनीत रुतवल्या. मी पुन्हा ढेकळं ठेवली आणि बाजूला झाले. कापड फट्‌कन भरून वर गेलं. दोऱ्या ताणल्या आणि गुणगुणायला लागल्या, विजेच्या तारा गुणगुणतात तशा. मामांनी ते आधी डोक्यावर नेऊन शांत केलं, आणि मग, कुणी सांगितलं नसताना, सावकाश मधोमध आणलं. ते मागे रेलले, इतके की पाठ जमिनीला टेकायची बाकी राहिली. टाचांनी मातीत दोन चाकोऱ्या पडत होत्या. सरकले. थोडे सरकले, पुन्हा थोडे, आणि थांबले.

बंडी पाठीला चिकटली होती. मानेच्या शिरा दिसत होत्या. पण उभे होते. वारा वाढला की कापड वर न्यायचे, ओसरला की पुन्हा समोर आणायचे. जे लोक मंडप बघायला कधी थांबले नाहीत, ते हे बघायला थांबले होते. हॉटेलातला जो सगळ्यात मोठ्याने हसणारा होता, त्याने हळूच माझ्याजवळ येऊन विचारलं, "ह्याच्यापेक्षा मोठं मिळतं का गं?"

"मिळतं," मी म्हणाले. "तुझ्यासारख्यांसाठी."

"आप्पा, बस आता," मुलगा ओरडला. त्याचा आवाज ओला झाला होता की धुरळ्याने बसला होता, मला सांगता येणार नाही. "बघितलं आम्ही. सोडा."

मामा ऐकत नव्हते. पाथरीच्या गृहस्थांनी टेम्पोकडे पाहिलं, पुन्हा मामांकडे पाहिलं. व्यवहाराचा माणूस. तोंडाजवळ हात धरून ओरडून विचारलं, "मग मामा, मालाचं काय? गोडाऊन उघडता का?"

मामांनी मान वळवली नाही. वर, त्या सतरंजीएवढ्या कापडाकडे बघत म्हणाले,

"किल्ली करदोड्याला हाय, पावनं. आन माझे हात गुतल्यात."