सरसाचं पातेलं

माझी सोयरीक मोडली तो मंगळवार होता. सरसाचा वास आला की अश्केलोन शहरातलं आमचं ते स्वयंपाकघर आठवतं. व्हायोलिन जोडण्यासाठी वडिलांनी कातड्याचा सरस आमच्या दुधाच्या पातेल्यात गॅसवर ठेवला होता. पोलंडहून आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूने आत डोकावून विचारलं, "हे कोणत्या जनावराचं?" "बाई, ते काही नाव सांगून गेलं नाही," वडील हसले, "आणि प्यायचं नाही, चिकटवायचंय." बाकी कुणी हसलं नाही. आम्ही हिंदुस्थानातून आलेले ज्यू कोशेर, म्हणजे दूध आणि मांसाची भांडी वेगळी ठेवण्यासारखे खाण्याचे धर्मनियम, पाळतो का, ही शंका सासरच्यांना आधीच होती. तिने चहा न उष्टावताच कप खाली ठेवला. मी शरमेने वडिलांकडे पाहिलंच नाही. त्यानंतर त्यांनी व्हायोलिनच्या कामाची पटाशी कधी हातात घेतली नाही. या हिवाळ्यात ते गेले, आणि त्या मंगळवारबद्दल त्यांच्याशी बोलायचं राहूनच गेलं.