लाल स्टिकर लावलेला भात

मी कीड मारणारी बुरशी वाढवते, हे दापोडीच्या आमच्या गल्लीत अजून कुणाला पटत नाही. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, नाहीतर पावसाळ्यात चपलांवर. तीन वर्षांपूर्वी मलाही तेवढंच माहीत होतं. त्याआधी नऊ वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत शेवटच्या तपासणीला होते. ओरखडा दिसला की लाल स्टिकर, लाल पेटी, विषय संपला. वडीलही कारखान्यातलेच. ते म्हणायचे, संशय आला की माल पुढं सोडायचा नाही. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. आमच्या भाजीवाल्यालासुद्धा माझी धास्ती आहे.

कंपनीतली आमची लाइन बंद झाली आणि मी चाकणला एका मॅडमच्या छोट्या प्रयोगशाळेत लागले. पत्र्याच्या शेडमध्ये दोन खोल्या आणि आम्ही तिघी: मॅडम, मी आणि साफसफाईच्या मावशी, त्या जवळच्याच वाडीतल्या. वाफेवर निर्जंतुक केलेल्या भाताच्या पिशव्यांत मॅडम बुरशी वाढवायच्या. ती शेणखतातून शेतात गेली की हुमणीच्या अंगावर रुजते, आत शिरते आणि तिला मारते. हुमणी म्हणजे भुईमुगाची, उसाची मुळं खाणारी ती पांढरी, वाकडी अळी.

पण बुरशीचं एक आहे. वर्षानुवर्षं नुसती आयत्या भातावर वाढवली की ती सुस्तावते, मारायचं विसरते. आमची तशीच झाली होती. मॅडमनी कित्येक महिने खटपट करून तिला पुन्हा अळीवर वाढवलं, आणि त्यातून हाती आलेली जोमदार बुरशी सगळीच्या सगळी बारा पिशव्यांत घातली. पिशव्या तयार झाल्या की त्यातूनच पुढच्यासाठी नळ्या भरून ठेवायच्या होत्या. आठवड्याभरात पिशव्या पांढऱ्या झाल्या, तेव्हा तेवढं सांगून मॅडम दोन दिवस गावी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पांढऱ्याशुभ्र पिशव्या हिरव्या पडलेल्या. तोवर मी दुसऱ्याच एका बुरशीच्या पिशव्या सांभाळल्या होत्या. ती शेवटपर्यंत पांढरी राहते, तिच्यात हिरवा ठिपका म्हणजे घाण शिरली. मी बाराच्या बारा पिशव्यांना लाल स्टिकर लावले.

“पोरी, मॅडमला इचारलंस का?” मावशी म्हणाल्या.

“रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट, मावशी. टाकून द्या.” फोन खिशातच होता. पण तपासणीवाल्यानं कुणाला विचारायचं नसतं, ही माझी नऊ वर्षांची घमेंड.

मॅडम आल्या, रिकाम्या मांडणीकडं बघत स्टुलावर बसल्या. “अगं, ही हिरवी होते तेव्हाच पिकते,” त्या हळूच म्हणाल्या. “तो हिरवा रंग म्हणजे तिचं बी.” त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मावशींना विचारलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, “टाकलं.” कचऱ्याची गाडी येऊन गेलेली होती, त्यामुळं कुठं टाकलं हे आम्ही विचारलंच नाही. मॅडमनी मला काढलं नाही. पण पुढचे तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. जुनी सुस्त बुरशी भातावर वाढत राहिली आणि परीक्षेला ठेवलेल्या अळ्या मजेत वळवळत राहिल्या.

मग एका सकाळी मावशींनी जेवणाचा डबा माझ्यासमोर उघडला. आत हुमणीच्या सात-आठ अळ्या, खडूसारख्या कडक आणि वर हिरवी भुकटी माखलेल्या.

“उकिरडा उपसत हुते. दरसाली नुसत्या वळवळत असत्यात, औंदा या अशा.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तवा तो भात घरी न्हेला मी. कुणाला न सांगता न्हेला, म्हणून बोलले न्हाई. पण भात हाय तो, कचऱ्यात कसा टाकायचा? गुरांना घालवंना, म्हणून शेणात मिसळला.”

मॅडमनी चिमट्यानं एक अळी उचलली आणि दुसरा हात तोंडावर ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते.

त्या अळीवरची बुरशी आम्ही नळीत वाढवली आणि ताज्या अळ्यांवर सोडली. दहा दिवस मी देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. आठव्या दिवशी पहिली अळी कडक झाली, दहाव्यापर्यंत जवळजवळ सगळ्या. माझा जीव भांड्यात पडला. बारा पिशव्यांतून गेलेलं सगळं त्या उकिरड्यानं सांभाळून परत दिलं होतं.

नळीवर बुरशी जिथं सापडली ती जागा लिहायची पद्धत आहे. मॅडमनी पेन माझ्याच हातात दिलं. मी लिहिलं, ‘मावशींचा उकिरडा’, आणि मावशींना वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, “आता तरी इचारून टाकत जा.”