शेवटची चिठ्ठी

देशाच्या मध्यवर्ती बँकेचे एक माजी गव्हर्नर नाशिकला आमच्या महाविद्यालयात व्याख्यानाला आले होते. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून श्रोत्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाचायचं काम प्राचार्यांनी मला दिलं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होते. कायम नेमणुकीची मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. पाहुण्यांना अवघड जाईल असं काही वाचू नका, असं प्राचार्यांनी मला आधीच बजावलं होतं.

पहिल्या रांगेत नांदगावचे माझे सर बसले होते. आमच्या घरात मी पहिली पदवीधर झाले ती त्यांच्यामुळे. बारावीनंतर माझ्या वडिलांना समजवायला ते तीनदा घरी आले होते. त्यांची शाळा विनाअनुदानित, त्यामुळे निवृत्तिवेतन नाही. मुदत ठेवींच्या व्याजावर त्यांचं घर चालतं. सकाळच्या गाडीने ते मुद्दाम एक प्रश्न विचारायला आले होते.

पाहुणे छान बोलले. साध्या अधिकारीपदापासूनची वाटचाल, महागाईशी झुंज, मग उद्योगांना कर्ज स्वस्त मिळावं म्हणून एकामागून एक केलेली व्याजदर कपात. टाळ्या झाल्या.

चिठ्ठ्यांमध्ये सरांचं अक्षर मी लगेच ओळखलं. 'दर कमी केलेत त्या दिवशी व्याजावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांची आठवण कोणी काढली होती का? हो की नाही, एवढंच सांगा.'

मी ती सारखी तळाशी सारत राहिले. शेवटी तीच उरली. शेजारी बसलेले प्राचार्य माझ्या हाताकडे बघत होते आणि समोर सर. मी माईकजवळ सरकले.

"पतधोरण ठरवताना ठेवीदार आणि कर्जदार यांच्या हिताचा समतोल कसा साधला जातो?"

फार चांगला प्रश्न, असं म्हणून पाहुणे समतोलावर बराच वेळ बोलले. प्राचार्यांनी मान डोलावली.

व्याख्यान संपल्यावर सर फाटकाबाहेरच्या बसस्टॉपवर थांबले होते. मी वाकून नमस्कार केला.

"शेवटचा प्रश्न छान होता," ते म्हणाले. "कोणाचा होता गं?"

"एका श्रोत्याचा, सर."

"माझी चिठ्ठी राहिली वाटतं. असू दे. तू मुलाखतीची तयारी कर."

बस येईपर्यंत मी पिशवी धरते म्हटलं. त्यांनी पुढे केलेली पिशवी मी डाव्या हाताने घेतली, कारण उजव्या मुठीत चिठ्ठी होती. मोठ्यांकडून काहीही उजव्या हातानेच घ्यायचं, हे मला त्यांनीच पाचवीत शिकवलं होतं. त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसची वाट बघत उभे राहिले.