चार झाकणं शरबत

"पोटॅशियम फार वाढलंय," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. "काल काय काय खाल्लं?"

मी स्ट्रेचरवर पडून होतो. पाय उचलत नव्हते, छातीत ठोके चुकत होते. पोटॅशियम म्हणजे फळांत, भाज्यांत असणारा एक क्षार. चांगली किडनी जास्तीचा क्षार लघवीतून काढून टाकते. माझ्या दोन्ही किडन्या निकामी, त्यामुळे तो रक्तात साठतो. फार साठला की हृदयच बंद पाडतो.

"वावगं काही नाही खाल्लं," मी म्हणालो. "सणाची प्रार्थना केली फक्त."

ज्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डायलिसिस म्हणजे हातातून रक्त बाहेर काढायचं आणि मशीनमध्ये धुऊन पुन्हा आत सोडायचं. माझं आठवड्यातून तीनदा असतं. बडनेऱ्याहून ऑटोने अमरावतीला जायचं, छताकडे बघत पडून राहायचं, घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं. पाणी मापातच प्यायचं. संत्री तर बंदच. वरूडचा मित्र दर मोसमात पेटी पाठवतो. ती शेजारीपाजारी वाटताना सालीचा वास हाताला लागतो, तेवढाच माझा वाटा.

या सगळ्याला मी इतका विटलो होतो की गेल्या वर्षी मनाशी ठरवून टाकलं, पेसाह झाला की मशीन बंद. बायकोला, रिबेकाला, बोललो नव्हतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून बडनेऱ्याला आले आणि इथलेच झाले. पेसाह हा आमचा सुटकेचा सण. आमचे पूर्वज मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. देवाने त्यांना सोडवलं तेव्हा इतक्या घाईत निघाले की पीठ आंबायलाही सवड मिळाली नाही. म्हणून त्या दिवसांत आंबवलेलं काही चालत नाही. आमचे जुने लोक तर याला आंबटाचं मडकं झाकायचा सण म्हणत. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी बसून सुटकेची गोष्ट वाचायची, कडू पाला चाखायचा आणि चार प्याले प्यायचे. प्याल्यात आमच्याकडे वाइन नसते. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं शरबत करतात.

बडनेऱ्यात आमचं एकच घर, म्हणून सण अकोल्याला थोरल्या ताईकडे. ती गोष्ट वाचताना प्रत्येकाने मानायचं असतं की मिसरातून मी स्वतः बाहेर पडलो. मला ते अवघड गेलं नाही. माझं मिसर म्हणजे ती मशीन, आणि मी आता सुटणारच होतो. चारही प्याले काठोकाठ भरून घेतले आणि तळ दिसेपर्यंत प्यालो. वरून खजुराचा गोड रसही वाढून घेतला.

"आता सकाळलोक पाणी मागू नका बरं," रिबेका एवढंच म्हणाली.

केळं, नारळपाणी, बटाटा, टोमॅटो, काय वर्ज्य ते सगळं तिला तोंडपाठ. पण दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमना मनुकांच्या शरबताचं विचारायचं कोणालाच सुचलं नाही. त्यांनाही ते माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्या लेखी ते खाणंपिणं नव्हतंच मुळी, देवाचं काम होतं. शेवटी रिवाजाप्रमाणे सगळे आमच्या पवित्र नगरीचं नाव घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये." मी तोंड मिटून बसलो. मला पुढचं वर्षच नको होतं.

सकाळी पलंगावरून उठता येईना.

"मनुका?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पोटॅशियमचा अर्कच प्यालात की!" इसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, वेडावाकडा आला होता. हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग इन्शुलिन आणि ग्लुकोज. "हे तात्पुरतं आहे. डायलिसिस लगेच करावं लागेल."

"लवकर लावा मशीन," मी म्हणालो. दोनदा म्हणालो. हातसुद्धा जोडले. माझं मलाच हसू आलं आणि लाजही वाटली. मला जगायचं होतं.

दुपारी मशीनवर पडल्या पडल्या रिबेकाला सगळं सांगून टाकलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती भडकली.

"मिसरातून सुटले तं सरळ घरी पोचले काय ते? वाळवंटात जिंदगी गेली त्याईची. रोजची कुरकुर, पाणी नाई म्हणून रडगाणं. तरी देवानं सोडलं नाई त्याईले. तुमी या मशीनले मिसर समजून राहिले. अवो, वाळवंट आहे हे. चालाच लागते. अन् मी काय सामान वाहाले आणलेला उंट आहे, काही सांगाचंच नाई मले? आंबटाचं मडकं झाकाचा सण म्हणता, आधी तुमच्या मनातलं आंबट मडकं झाका!"

डॉक्टरांच्या कानावरही तिनेच घातलं. ते खुर्ची ओढून बसले. "थांबवायचा हक्क तुम्हाला आहे," ते म्हणाले. "पण एकट्याने नाही ठरवायचं. घरच्यांशी, आमच्याशी बोलून ठरवा. आणि इतकं थकल्यासारखं वाटतं, त्यावरही उपाय आहेत."

पेसाह या शब्दाचा अर्थच मुळी ओलांडून जाणं. मिसरातल्या शेवटच्या रात्री मृत्यू आमच्या लोकांची घरं ओलांडून पुढे गेला, असं आम्ही वाचतो. अकोल्यात तो माझी खाट ओलांडून गेला. तेव्हा कळलं की सुटका म्हणजे पोचणं नव्हे. उद्या कुठे जायचं ते ठरवता आलं तरी पुष्कळ. थकवा आहेच. कालही ऑटोत बसताना पाय जड झाले.

तुम्हाला एकच सांगणं, तुमच्या घरचं तीर्थ, पंचामृत, रोजा सोडायचा खजूर, जे काही देवाचं म्हणून तोंडात जातं, तेही दवाखान्यात विचारून घ्या. आणि मन उठलं असेल तर तेही बोला.

यंदा रिबेकाने आहाराच्या मॅडमना विचारून घेतलं. चार झाकणं चालतील म्हणाल्या, झाकण औषधाच्या बाटलीचं असतं तेवढंच. ताईकडे सगळ्यांपुढे प्याले आणि माझ्यापुढे ते प्लास्टिकचं झाकण. चौथं झाकण मी जिभेवर बराच वेळ धरून ठेवलं.

"पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये," सगळे म्हणाले. मीही म्हणालो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग रिबेकाकडे वळलो.

"पण त्याच्या आधी मंगळवारी अमरावती."

"ऑटोवाल्याले सांगून ठेवलं," ती म्हणाली.