गुरुजींच्या मानेवरचा सांधा

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस कोल्हापुरात दुसरा असलाच, तर तो घराबाहेर पडत नसणार. एरवी कुठे ना कुठे भेटला असता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उचगावच्या एका कारखान्यात ब्राँझचे पुतळे तुकड्यातुकड्यांनी ओतत. ते तुकडे जोडायचे, सांधे घासायचे आणि गॅसच्या दिव्याच्या धगीवर रसायनाचा ब्रश फिरवून सगळ्या अंगाला एकच तपकिरी रंग आणायचा, हे दाजींचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पुतळा बसला की यांची झोप उडायची. अनावरणाला ते मांडवात कधी बसले नाहीत, मागं, पळता येईल अशा बेतानं उभे राहायचे आणि पडदा सरकला की डोळे गच्च मिटून मला विचारायचे, "बघ की रं, जोड दिसतोय काय?" आमच्याकडे जेवायला आले तरी तांब्याच्या पोटावरून बोट फिरवून जोडाचा डाग कुठं दिलाय ते शोधत बसायचे.

पुतळा ज्या धातूचा, त्याच्याच उरलेल्या धातूची सळी जोडायला वापरायची, हा त्यांचा नेम. बाजारातल्या सळीचं मिश्रण वेगळं. आज रंग जुळला तरी दोन-तीन पावसाळ्यांत सांधा उघडा पडतो. आणि नेमकं एकदा, पेठ वडगावच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेसाठी तिथल्या दिवंगत गुरुजींचा अर्धपुतळा करताना, मानेपाशी सळी संपली. अनावरण दोन दिवसांवर. दाजींनी बाजारातली सळी वापरली आणि माझ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून दरवर्षी पाऊस ओसरला की मला स्कूटरवर घेऊन ते मान बघायला जायचे.

तिसऱ्या वर्षी गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा जाडजूड हार होता. दाजींनी तो वर उचलला. खाली मानेभोवती हिरवट रेघ, सुरीनं ओढल्यासारखी. "मेलो! मुंडकं वेगळं दिसतंय गुरुजींचं. आता मला कामावर कोण ठेवणार?" एरवी मी चेष्टा केली असती. त्या दिवशी मलाच भीती वाटली.

तेवढ्यात शाळेसमोरच्या घरातून गुरुजींच्या पत्नी आल्या. दाजींनी हात जोडले. "काकू, चूक माझी हाय. सळी दुसरी वापरली आन् लपवलं म्या."

"हार खाली सोडा आधी, कुणीतरी बघंल," काकू म्हणाल्या. "आखाडापासनं दिसतंय मला. तुमी दरसाली चोरावानी येऊन मान बघता, ते बी ठावं हाय. तुमास्नी बोलणी बसतील म्हणून रोज हार घालतोय मी."

दाजी चौथऱ्याच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

मग त्यांनी कारखान्यात जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, पण काम राहिलं. पुतळा उतरवून आणला, त्याच्याच आतल्या कडेचा धातू कापून सळी केली आणि सांधा नव्यानं भरला. आता तो मलाही सापडत नाही. तरी दाजी अजून दरवर्षी जातात. काकू वारल्या त्या सालापासून जाताना हार नेतात.